कानबाईचा नारळ, पाणाड्याचा नारळ

2023 च्या ऑगस्टमध्ये, 23 तारखेच्या बुधवारी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 चा लँडर चंद्रावर उतरला. त्यानंतर चारच दिवसांनी, रविवारी, पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली. बुधवारी शाळेच्या मोठ्या खोलीत पडदा लावून मुलांनी उतरण्याचा शेवटचा टप्पा श्वास रोखून पाहिला होता. रविवारी त्याच मुलांच्या घरात माणसागणिक मुठी मोजून दळलेल्या गव्हाचे रोट शिजत होते. रात्रभर गाणी झाली, आणि सोमवारी चौरंग डोक्यावर घेतलेल्या बायांमागून अख्खं गाव बोरी नदीकडे निघालं. मीही होतो. नदीच्या काठी एका विद्यार्थ्याचे वडील जवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, बुधवारे तुम्ही पोऱ्यास्ले चंद्र दखाडा, आज कानबाईना पुढे नाचनात. तुम्ही देवले मानतस का नई?"

त्यांनी हे कुचेष्टेने विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. वाजंत्र्यांच्या आवाजात मला धड उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खानदेशात श्रद्धा फार, म्हणून इथे विज्ञान रुजत नाही, असं शहाणी माणसं म्हणतात. पंचवीसेक वर्षं विज्ञान शिकवल्यावर मला ते पटत नाही. विज्ञान रुजत नाही, कारण आम्ही शिक्षक ते पोथीसारखं शिकवतो. ज्या मुलाने शाळेत स्वतःच्या हाताने कधी काही मोजलं नाही, ताडून पाहिलं नाही, ते मूल मोठं झाल्यावर मोजायच्या गोष्टीसुद्धा देवाला विचारत बसतं. देवाला विचारलं तर एक वेळ ठीक. पण विचारतं ते देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाला.

कानबाई म्हणजे नारळच. त्याला नथ घालतात, दागिने घालतात, मांडव घालून चौरंगावर बसवतात. त्या नारळापुढे मी हात जोडतो, त्यात मला काही खटकत नाही. सुरतेला, पुण्याला, मुंबईला पोटासाठी गेलेली आमची भाऊबंदकी त्या एका नारळासाठी गावी येते. वर्षभर एकमेकांशी न बोललेले भाऊ एका पंगतीत रोट खातात. माझ्या आईने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही मागितलं असेल तर ते त्या रात्रीच्या गाण्यांत. या नारळाला मी कधी आकडा विचारलेला नाही, आणि त्यानेही कधी सांगितलेला नाही.

दुसरा नारळ पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणाऱ्याच्या, तळहातावर असतो.

मी नोकरीला नुकताच लागलो होतो तेव्हाची गोष्ट. दोन वर्षं पाऊस ओढ देऊन गेला होता, विहीर तळाला गेली होती. वडिलांनी शेजारच्या गावातून पाणाड्या बोलावला. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि अनवाणी शेतातून फिरू लागला. बांधाजवळच्या बाभळीपाशी नारळ हळूहळू उभा राहिला. "नारय उभा राह्यना म्हंजे पानी शेच," तो म्हणाला. बोअरची गाडी आली, 280 फूट गेली, वर नुसती भुकटी. दुसऱ्या जागी 350 फूट, तिथेही कोरडंच. तिसऱ्या ठिकाणी तासभर मोटर चालेल इतकं पाणी लागलं, आणि गावात पाणाड्याचं नाव त्या तिसऱ्या बोअरमुळे राहिलं. पहिल्या दोन बोअरपायी बैलजोडी विकली गेली होती, ते कोणी मोजलं नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते माझंच. माझ्याकडे तेव्हा भौतिकशास्त्राची पदवी होती. व्हीटस्टनचा सेतू मी परीक्षेत आकृतीसकट काढला होता. विजेला होणारा रोध मोजण्याची हीच कल्पना वापरून जमिनीत चार सळया ठोकतात, वीज सोडतात आणि खाली ओला थर कुठे असावा याचा अंदाज बांधतात. शासनाची भूजल सर्वेक्षणाची यंत्रणा 1970 च्या दशकापासून राज्यात आहे. यातलं काहीही मला कोणत्याही वर्गात सांगितलं गेलं नव्हतं. वडील नारळाकडे पाहत होते, आणि पदवीधर मुलगा त्यांच्या शेजारी उभा राहून नारळाकडेच पाहत होता.

पाणाड्या कधी बरोबर का ठरतो आणि कधी का चुकतो, हे आमची जमीनच सांगते. आमच्याकडे काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांहून आधी एकावर एक साचलेल्या लाव्ह्याचे थर. त्यात पाणी असतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग सापडली तर पाणी, दोन हात बाजूला गेलात तर भुकटी. तापीकाठच्या चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात मात्र नदीने आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर आहे. तिथे पुरेसं खोल गेलं की बहुतेक कुठेही पाणी लागतं, म्हणून तिथला पाणाड्या सहसा खोटा पडत नाही. नारळ दोन्हीकडे तोच, फरक खडकाचा. तापीकाठी आता प्रश्न वेगळा आहे: केळीच्या बागांसाठी इतका उपसा झाला की पाण्याची पातळी दरसाल खाली चालली आहे. पातळी किती उतरली हे कोणताही नारळ सांगत नाही. त्यासाठी विहिरीत दोर सोडून मोजावं लागतं.

नववीच्या वर्गात मी एकदा नारळ आणले. मुलांना सांगितलं, हातावर आडवा ठेवा आणि मैदानात फिरा. सहा-सात जणांच्या हातावर तो खरोखर उभा राहिला. मुलं घाबरली, एका मुलीने तर तो खाली टाकला. मग त्याच मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले, दोन गिरक्या घ्यायला लावल्या आणि पुन्हा फिरवलं. नारळ पुन्हा उभे राहिले, पण भलत्याच जागी. एकाच मुलाच्या तीन फेऱ्यांच्या खुणा मैदानाच्या तीन कोपऱ्यांत पडल्या. आपल्याला जिथे वाटतं तिथे हाताचे स्नायू आपल्या नकळत हलतात आणि टेकूवर डळमळणारी वस्तू कलते. विल्यम कार्पेंटर या इंग्रज डॉक्टरने 1852 मध्ये या न कळत होणाऱ्या हालचालींचं वर्णन करून ठेवलं आहे. मुलांना मी हे नाव सांगितलं, पण त्यांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, पाणाड्याबाबा लबाड नाही. त्यालासुद्धा खरंच वाटतं." पाठ्यपुस्तकात नसलेलं हे वाक्य मला त्या वर्षीच्या सगळ्या उत्तरपत्रिकांपेक्षा मोलाचं वाटतं. समोरच्याला लबाड न ठरवता त्याचं म्हणणं तपासता येतं, हे त्याला चौदाव्या वर्षी कळलं.

मला ते विसाव्या वर्षीसुद्धा कळलं नव्हतं. 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्याकडे तेव्हा मोबाइल नव्हते. एसटीडी बूथवरून बातमी पसरली आणि दुपारपर्यंत देवळाबाहेर रांग लागली. मी रांगेत उभा राहिलो, चमचा सोंडेला लावला आणि दूध खरोखर आत गेलं. पृष्ठताणाची व्याख्या मला तोंडपाठ होती. काठोकाठ भरलेला चमचा दगडाला टेकला की दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ धार होऊन खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही, एवढंच. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध पाजून ते दाखवलं. मी ती व्याख्या लिहून मार्क मिळवले होते, पण हातात चमचा असताना ती मला आठवली नाही. पाठांतर केलेलं विज्ञान असंच असतं. परीक्षेच्या हॉलबाहेर ते आपल्यासोबत येत नाही.

आज तीच बातमी मोबाइलवर येते, "नासाने सिद्ध केलं" असं वर लिहून. मोबाइलवर माझा राग नाही, उलट त्याने आमच्याकडे जीव वाचवले आहेत. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते तेव्हा पूर्वी माणूस बॅटरी घेऊन अंधारात विहिरीवर जायचा. आता मोटरला मोबाइल स्टार्टर बसवला की घरातून फोन लावला तरी मोटर सुरू होते. काट्याकुट्यातून, सापाच्या वाटेने जावं लागत नाही. पण ज्या घरात असा स्टार्टर आहे, त्याच घरातल्या माणसाला साप चावला तर गाडी आधी मांत्रिकाकडे वळते, हे मी पाहिलेलं आहे.

इथे मला हळू आवाजात बोलता येत नाही. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच औषध चालतं. ते घोड्यांच्या रक्तातून तयार करतात आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं. मग मांत्रिकाला यश का येतं? धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी सापच आपल्याकडे जास्त चावतात. विषारी सापसुद्धा दर वेळी विष सोडतोच असं नाही. हे सगळे रोगी मंत्राशिवायही वाचणारच होते. उरलेल्यांत मण्यार चावलेला असतो. तिचा दंश रात्री झोपेत होतो, फारसा दुखत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊन श्वास अडकू लागतो. त्याचे दोन तास लिंबाच्या पाल्याने झाडण्यात जातात. दहावीपर्यंत मुलं पेशीचे भाग शिकतात, बेडकाची आकृती काढतात, आणि गावच्या बांधावरचे चार विषारी साप ओळखल्याशिवाय शाळा सोडतात. यात देवाधर्माचा संबंध मला दिसत नाही, अभ्यासक्रम शिकवणाऱ्या आमचा दिसतो.

सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारझोड होते, तिला घर सोडावं लागतं, ते तर उघड गुन्ह्यात मोडतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली, तो त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये आला. तो देवधर्माविरुद्ध आहे असं आजही पारावर बोललं जातं. कायदा वाचला तर पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना तो लागू नाही, असं त्यातच लिहिलेलं सापडतं. आमच्या कानबाईला त्याच्याकडून कसलाही धोका नाही.

उत्क्रांतीबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण धर्म आणि विज्ञान यांचं भांडण शाळेत लागतं ते तिथेच. केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग 2023 मध्ये गळला, तेव्हा देशभरच्या शास्त्रज्ञांनी पत्र लिहून निषेध केला. आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलंच प्रकरण आहे. त्याचा मला अभिमान वाटायला हवा होता. पण आम्ही ते शिकवतो कसं? जीवाश्म, अवशेषांगं, डार्विन, लामार्क, रिकाम्या जागा भरा. मुलं घरी जातात, आजोबा विचारतात, "माकडाचा माणूस झाला म्हणतात, मग आताची माकडं का नाही होत?" मूल गप्प बसतं. एक तर आजोबा चूक, नाहीतर पुस्तक चूक, एवढंच त्याच्या हाती लागतं.

आणि उत्क्रांती त्या आजोबांच्या कपाशीत चाललेली असते.

बीटी कापूस देशात 2002 मध्ये आला, दोन जनुकांचा 2006 मध्ये. मातीतल्या एका जिवाणूचं अळीला मारणारं प्रथिन त्या झाडातच तयार होतं. सुरुवातीची वर्षं सुखाची गेली, फवारण्या घटल्या. पण कोट्यवधी अळ्यांत एखादी अशी असतेच, जिला ते प्रथिन मारत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिची पिल्लं उरली. गुलाबी बोंडअळीचं पोट कपाशीवरच, आणि आपण गावच्या गाव बीटी लावलं, म्हणजे इतर अळ्यांना जगायला जागाच ठेवली नाही. 2010 मध्ये गुजरातेतून बातमी आली की पहिल्या जनुकाला ती दाद देत नाही. 2017 च्या हंगामात आपल्या राज्यात बोंडं फोडली की आत अळी, ही गत झाली. फुलं उमलेनात, नुसत्या डोमकळ्या. पंधरा वर्षांत एका किड्याची जात बदलली, आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या शेतात. याला निवड म्हणतात, आणि त्या आजोबांना हे सांगितलं तर ते ताबडतोब मान डोलावतात. माकडाचा प्रश्न मग राहत नाही, किंवा निदान भांडणाचा राहत नाही.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे आहे. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या कपाशीचं वेगळं पाकीट मिळायचं. ते कडेने लावायचं होतं. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगल्या असत्या, त्यांच्या पतंगांचा बीटीला न मरणाऱ्या पतंगांशी संयोग झाला असता आणि ताकदवान जात इतक्या लवकर माजली नसती. आमच्याकडे बहुतेकांनी ते पाकीट बांधावर टाकून दिलं. माझ्या चुलत्यांनीही टाकलं. त्यांना कोणी 'का' सांगितलं नव्हतं. पाकिटावर 'लावा' एवढंच होतं. आणि ज्याला 'का' माहीत असायला हवं होतं तो पुतण्या त्या वेळी वर्गात फळ्यावर डार्विनची जन्मतारीख लिहून देत होता.

तंत्रज्ञान आमच्याकडे कमी नाही. ठिबक आहे, टिश्यू कल्चरची केळी आहे, देवळाच्या दानपेटीवर क्यूआर कोड आहे. वस्तू आली की तिच्यामागचा 'का' गावाच्या वेशीबाहेरच राहतो, हे आमचं दुखणं आहे. 'का' शिवाय वापरलेलं तंत्र आणि 'का' शिवाय बांधलेला गंडा, दोन्ही बिघडले की माणूस सारखाच हतबल होतो. दहावीला प्रात्यक्षिकाचे 20 गुण असतात. ते किती शाळांत प्रयोग करून मिळतात आणि किती ठिकाणी वही उतरवून, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. या 20 गुणांसाठी वर्षभर गावातलीच एक गोष्ट मोजायला द्यावी: विहिरीची पातळी, पाऊस, सापळ्यातले पतंग. याला प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्लीसुद्धा लागत नाही.

पैसा कुठून येणार, असं विचारणाऱ्यांना मी पाटणादेवीला घेऊन जाईन. चाळीसगावजवळच्या डोंगरात, पाटणला, चंडिकेचं देऊळ आहे. तिथला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी 1865 मध्ये जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. त्या मठाला 1207 मध्ये श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या वेळी दान दिलं गेलं. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या करातला वाटा मठाला आणि जितके तेलघाणे चालतील तितक्या घाण्यांमागे पळी पळी तेल, असा तो हिशेब आहे. खानदेशातल्या घाण्याच्या तेलावर खानदेशातल्या मुलांचं गणित चालत होतं.

मला त्या दानाची वेळ फार महत्त्वाची वाटते. ग्रहणात दान केलं की पुण्य लागतं, ही श्रद्धा. ते दान ज्या मठाला दिलं, तिथे ग्रहण कधी लागेल आणि किती बिंब झाकेल याचं गणित शिकवत. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यात चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हे धरूनच सारं गणित आहे. राहूचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी राहूला हाकललं नाही. देवाच्या वराने तो त्या सावलीत शिरतो आणि चंद्र झाकतो, म्हणजे शास्त्रांनाही बाध येत नाही, असं त्यांनी लिहिलं. आजच्या काही विवेकवादी मित्रांना ही तडजोड वाटेल. मला दिसतं ते असं की राहूला त्यांनी सावलीत जागा दिली, सावलीच्या आकड्यात दिली नाही. आणि 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' म्हणणाऱ्यांनाही हा शिलालेख अडचणीचा आहे. जे होतं ते कोणीतरी रात्र रात्र आकाश पाहून, आकडे चुकले तर दुरुस्त करून मिळवलं होतं, आणि गावाने तेल देऊन टिकवलं होतं. नुसता अभिमान धरणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही.

कानबाईला हसणारेही मला आपले वाटत नाहीत. मुलाच्या आईच्या देवाला हसून सुरू केलेलं विज्ञान ते मूल घरात नेत नाही.

तर नदीकाठच्या त्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: हो, मी मानतो. कानबाईकडे मी माणसं मागतो, घर भरलेलं मागतो. बोअरची जागा, सापाचं औषध आणि फवारणीची तारीख तिच्याकडे मागत नाही.

मागच्या पावसाळ्यात दहावीच्या मुलांनी तीन शेतांत एकरी दोन असे कामगंध सापळे लावले. मादीच्या वासाला भुलून नर पतंग त्यात येतात, आणि सकाळी ते मोजून वहीत लिहायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणी करायची, त्याआधी नाही. एका शेताचे मालक नदीवर मला प्रश्न विचारणारे तेच गृहस्थ होते. कानबाईच्या सोमवारी विसर्जन करून आम्ही परतत होतो, त्यांच्या कपाळाला अजून गुलाल होता. त्यांनी मला वाटेतच थांबवलं.

"मास्तर, दोन रातना आकडा आठना वर शे. आते फवारू का थांबू?"

"आज रातचा येऊ द्या," मी म्हणालो.